‘आम्ही’ खोडून ‘मी’ लिहिताना



गेल्या पावसाळ्यात मी चार हजार रुपये भरून दोन दिवसांच्या एका कार्यशाळेला जाऊन बसले. विषय होता : लिंक्डइनवरचा आपला परिचय सुधारून कोचिंगसाठी ग्राहक कसे मिळवावेत. मला मोर्चात, शिबिरात किंवा पोलीस ठाण्याच्या बाकड्यावर पाहिलेल्या मैत्रिणींना हे वाचून हसू येईल. येऊ दे. चार हजार रुपये मोजताना मला मात्र हसू आलं नव्हतं.

तिथे का गेले ते आधी सांगते, कारण ही माझ्या एकटीची गोष्ट नाही. बावीस वर्षं मी एका स्त्री-आधार केंद्रात समुपदेशक होते. आमच्यासारखी छोटी केंद्रं मोठ्या संस्थांच्या हातून येणाऱ्या पैशावर चालत. सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी देणग्यांचा कायदा बदलला. एका संस्थेला मिळालेला परदेशी निधी दुसरीला देण्यावर बंदी आली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आली. दीड वर्षात आमचं केंद्र आठवड्यातून दोन दिवसांवर आलं आणि माझं मानधन थांबलं. ‘मानधन’ म्हणते, कारण ‘पगार’ हा शब्द आम्ही कधी वापरलाच नाही. पगार म्हटला असता तर भविष्यनिर्वाह निधी आला असता, रजा आल्या असत्या, निदान हातात काहीतरी पुंजी आली असती. वयाच्या चौपन्नाव्या वर्षी माझ्याकडे होतं ते असं : कायद्याची माहिती, ऐकण्याची सवय, आणि भाचीने उघडून दिलेलं लिंक्डइनचं खातं.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लिंक्डइन हा नोकरी-धंद्याच्या ओळखीपाळखीचा बाजार. २००३ साली तो अमेरिकेत सुरू झाला आणि २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने सव्वीस अब्ज डॉलरहून अधिक मोजून विकत घेतला. इथे प्रत्येकीचं एक पान असतं. वर फोटो, फोटोखाली २२० अक्षरांत स्वतःची ओळख, त्याखाली २६०० अक्षरांत ‘माझ्याविषयी’, मग कामाचा अनुभव आणि लोकांनी दिलेल्या शिफारशी. पूर्वी जे काम गोतावळा आणि वशिला करत असे, ते आता हे पान करतं असं सांगितलं जातं. ज्यांच्याकडे पूर्वी गोतावळा होता त्यांच्याच पानावर आजही ओळखी जास्त दिसतात, हा भाग कोणी सांगत नाही.

आणि कोचिंग? आमच्या पिढीला कोच म्हटलं की आगगाडीचा डबा आठवतो आणि कोचिंग म्हटलं की दहावीचे क्लास. हा कोच वेगळा. माणसाशी बोलून, प्रश्न विचारून त्याला त्याच्या उद्दिष्टापर्यंत न्यायचं, हा त्याचा धंदा. अमेरिकेतल्या कंपन्यांच्या जगात तो वाढला. कोच मंडळींची आंतरराष्ट्रीय संघटना १९९५ साली तिथेच उभी राहिली. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला पुनर्वसन परिषदेची नोंदणी लागते. कोच म्हणवून घ्यायला कोणताही सरकारी परवाना लागत नाही. परिचय चांगला लिहिता आला की झालं. म्हणूनच परिचय लिहायला शिकवण्याचा दुसरा धंदा या धंद्याच्या पाठीवर उभा आहे.

दोन दिवसांत मी काय शिकले

कार्यशाळेतल्या प्रशिक्षक बाई हुशार होत्या, प्रेमळ होत्या, आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. माझा पहिला परिचय असा होता : ‘समुपदेशक, स्त्री-आधार केंद्र. कौटुंबिक हिंसा, कायदा, प्रशिक्षण.’ बाई म्हणाल्या, यात ग्राहकाला स्वतःसाठी काय आहे ते दिसत नाही. त्यांनी साचा दिला : मी अमक्यांना अमक्या त्रासातून अमक्या यशापर्यंत नेते. पुढे सूचना आल्या. ‘हिंसा’ हा शब्द काढा, वाचणारा दचकतो. ‘संघटना’, ‘मोर्चा’, ‘आंदोलन’ काढा, कंपन्यांना असल्या बाया नको असतात. एका दलित वस्तीतल्या बचत गटांबरोबर मी सहा वर्षं काम केलं होतं, तिथे ‘दलित वस्ती’ऐवजी ‘तळागाळातील समुदाय’ लिहा. सासूबाईंच्या दुखण्यात गेलेली तीन वर्षं झाका. आकडे घाला. फी छापू नका, आधी फोनवर बोलवा. आणि एक हृदयस्पर्शी गोष्ट सांगा, कारण गोष्टीवाचून कोणी थांबत नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ‘आम्ही’ काढा आणि ‘मी’ लिहा. ‘आम्ही’ म्हटलं की काम कोणी केलं ते कळत नाही, असं त्या म्हणाल्या.

मी सगळं केलं. नवा परिचय झाला : ‘मी कर्तबगार स्त्रियांना अपराधीपणातून आत्मविश्वासाकडे नेते. ३०० हून अधिक आयुष्यं बदलली.’ जांभळ्या साडीतला हसरा फोटो. महिन्याभरात पान बघणारे कितीतरी पटींनी वाढले आणि चार जणींनी विचारणा केली. युक्ती चालते, हे मी प्रामाणिकपणे सांगते. ती चालत नसती तर हा लेख लिहायची गरजच नव्हती.

तीनशे कोणाच्या?

तो तीनशेचा आकडा कुठून आला? केंद्राच्या नोंदवहीतून. माझ्या अक्षरातल्या नोंदी मोजल्या. पण त्या तीनशे जणींपैकी कोणाचं आयुष्य बदललं असेल तर ते बदलणारी मी होते का? एकीला मध्यरात्री फुकट आणून सोडणारा रिक्षावाला होता. फी न घेता आठ वर्षं तारखांना उभी राहिलेली वकील मैत्रीण होती. तक्रार लिहून घ्या म्हणून साहेबांशी भांडलेली हवालदार बाई होती. रेशनकार्ड आणि मुलांचे दाखले आपल्या पिठाच्या डब्यात लपवून ठेवणारी शेजारीण होती. आणि सगळ्यात आधी ती स्वतः होती, जी उंबरठा ओलांडून आली. एवढ्या सगळ्यांना खोडून मी तिथे ‘मी’ लिहिलं.

जे कौशल्य आज मी विकायला काढलंय तेही माझ्या एकटीचं नाही. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या आवारात स्त्रियांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तिथे समाजकार्यकर्त्यांनी पोलिसांच्या शेजारी बसून बाईचं कसं ऐकायचं ते शोधून काढलं. पुण्यात नारी समता मंचाने ‘बोलते व्हा’ चालवलं. गावोगावच्या गटांनी चटयांवर गोल करून बसून, चुकत, भांडत, एकमेकींना दुरुस्त करत हे शास्त्र उभं केलं. त्याचं पुस्तक नव्हतं, फी नव्हती, प्रमाणपत्र नव्हतं. मला ते एका थोरल्या कार्यकर्तीने शिकवलं, तिला दुसरीने.

‘मी’ हा शब्द आम्हाला वर्ज्य होता असं मात्र नाही. १९८२ साली पुण्यात मंजुश्री सारडाचा मृत्यू झाला, त्यानंतर नारी समता मंचाने प्रदर्शन केलं, त्याचं नावच ‘मी एक मंजुश्री’. तिथेही ‘मी’च आहे. पण तो ‘मी’ बघणाऱ्या प्रत्येक बाईला आत घेतो. हे माझ्याही बाबतीत होऊ शकलं असतं, असं तो म्हणायला लावतो. लिंक्डइनचा ‘मी’ इतरांना फक्त टाळ्या वाजवायला बोलावतो. दोन्ही शब्द एकाच अक्षराचे. त्यांच्यातलं अंतर मात्र चळवळीच्या चाळीस वर्षांएवढं आहे.

गोष्ट सांगताना झालेला गुन्हा

आता जे लिहिणार आहे ते लिहायला जड जातंय. ‘हृदयस्पर्शी गोष्ट’ म्हणून मी आमच्याकडे चौदा वर्षांपूर्वी आलेल्या एका बाईची हकिगत पानावर टाकली. नाव बदललं, गाव बदललं. पण रात्री येताना ती शिलाई मशीनचं मुंडकं पोत्यात घालून घेऊन आली होती, ते तसंच लिहिलं. तेच तर हृदयस्पर्शी होतं ना! दोनशेवर लोकांनी अंगठे दिले. कोणी लिहिलं, ‘ताई, सलाम.’

पाचव्या दिवशी तिचा फोन आला. तिची मुलगी आता शिकून कंपनीत लागली आहे, आणि कंपनीत लागलेली प्रत्येक पोर लिंक्डइनवर असते. मुलीने माझं पान वाचलं. घरात कोपऱ्यात असलेली मशीन बघितली. आणि आईला विचारलं. बाप दूरच्या गावी कामाला जाऊन तिकडेच राहिला, एवढंच त्या मुलीला माहीत होतं. त्याने रॉकेल ओतलं होतं, हे माहीत नव्हतं.

ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, “ताई, मशीन पोत्यात घालून येणारी दुसरी कोण असणार? लेकीला कधी सांगायचं ते मी ठरवणार होते.”

बलात्कार झालेल्या स्त्रीची ओळख उघड करणं कायद्याने गुन्हा आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या २०१३ च्या कायद्यातही तक्रारदार स्त्रीची ओळख जाहीर करायला मनाई आहे. हे दोन्ही मी शंभर प्रशिक्षणांत शिकवलं आहे. आणि तरी ग्राहक मिळावेत म्हणून एका बाईचा निर्णय तिच्या हातून काढून घेतला. नवऱ्याने, सासूने, पोलिसाने तिचे निर्णय काढून घेतले म्हणून ती आमच्याकडे आली होती. ते परत तिच्या हाती देणं हेच तर आमचं काम होतं.

मजकूर मी त्याच मिनिटाला काढला. तिच्या घरी जाऊन आले. तिने चहा दिला, क्षमा केली असं म्हणाली नाही, आणि तसं म्हणायला ती बांधलेली नाही. हा लेख छापायला देण्याआधी तिला वाचून दाखवला. तिने सांगितलेल्या दोन जागा बदलल्या आहेत. पोत्यात काय होतं तेही इथे वेगळं लिहिलं आहे.

आत्मविश्वास नव्हे, एटीएम कार्ड

विचारणा केलेल्या चौघींपैकी एक बँकेत अधिकारी आहे. (हेही तिला विचारूनच लिहिते.) बढतीच्या मुलाखतीत तोंडातून शब्द फुटत नाही, आत्मविश्वास वाढवायचा आहे, असं तिचं म्हणणं. माझ्या परिचयाने नेमकं तेच कबूल केलं होतं. सहा बैठकांचे पैसे घ्यायचे, आरशासमोर उभं राहायला सांगायचं, चांगली वाक्यं म्हणून घ्यायची. दुसऱ्या बैठकीत मी जुन्या सवयीने विचारलं, “पगार कोणाच्या हातात असतो?” ती बराच वेळ गप्प होती. पगार जमा झाल्या दिवशी नवरा काढून घेतो. एटीएम कार्ड लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून त्याच्याकडे आहे. माझी फी तिने आईकडून आणली होती.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळ ही हिंसाच आहे. कायदा ज्याला हिंसा म्हणतो त्याला माझा सुधारलेला परिचय ‘अपराधीपणा’ म्हणत होता. ‘हिंसा’ हा शब्द वाचणाऱ्याला दचकवतो म्हणून मी तो काढला होता. पण ज्या बाईला तो शब्द सापडायला हवा होता, ती शोधत शोधत माझ्या दारापर्यंत आली आणि दारावर तो नव्हता.

माझा या सुधारणेवरचा मुख्य आक्षेप हाच आहे. ती नुसती भाषा गुळगुळीत करत नाही. प्रश्न बाईच्या बाहेर आहे तो बाईच्या आत नेऊन बसवते. पगार कमी? तुमची मागायची पद्धत चुकते. साहेब अंगचटीला येतो? तुम्हाला सीमा आखता येत नाहीत. घरचं सगळं तुमच्यावर? वेळेचं नियोजन शिका. जे व्यक्तिगत म्हणून दडपलं जातं ते राजकीय आहे, असं आपण घसा फोडून सांगत आलो. कोचिंगचा बाजार ते राजकीय पुन्हा व्यक्तिगत करून, वर पॅकेज बांधून विकतो. आणि ज्या मंचावर हे चालतं तिथे तरी स्त्री-पुरुषांना सारखी जागा आहे का? २०२५ च्या अखेरीस अनेक स्त्रियांनी लिंक्डइनवर स्त्रीऐवजी पुरुष अशी नोंद करून पाहिली, आणि आपलं लिखाण एकदम जास्त लोकांपर्यंत पोचल्याचं सांगितलं. आम्ही लिंग बघून कोणाला वर-खाली करत नाही, असं कंपनीचं म्हणणं. खरं-खोटं यंत्राला ठाऊक. पण तिथे कमी दिसणाऱ्या बाईला ‘तुझा परिचयच कच्चा’ असं सांगायला मात्र कोणी कचरत नाही.

आता थोडं आपल्या घरात

हे वाचून ज्या मैत्रिणी मान डोलावत असतील त्यांना आता राग येणार आहे. मी पान उघडलं तेव्हा एका ज्येष्ठ कार्यकर्तीने मला निरोप पाठवला, “चळवळ विकायला काढलीस?” बाई, तुम्हाला निवृत्तिवेतन आहे. तुमच्या यजमानांचा फ्लॅट आहे. तुम्ही चळवळीला आयुष्य दिलंत हे खरं, पण ते देता येण्याजोगं तुमच्याकडे होतं. माझ्याबरोबरच्या कितीतरी जणींकडे नव्हतं, त्यांनी तरी दिलं, आणि आज त्या स्वयंपाकाची कामं धरताहेत. बाईचं काम म्हणजे सेवा, सेवेला मोल कसलं, हे आपण घराबाबत नाकारलं आणि संस्थेत बिनबोभाट चालवलं. कायद्यानेही तेच केलं. २०१३ च्या नियमांनी अंतर्गत समितीवर संस्थेतून येणाऱ्या सदस्येचा भत्ता ठरवला, कामकाजाच्या दिवसाला २०० रुपये आणि प्रवासखर्च. अर्थात बाईने कौशल्याचे पैसे मागितले की तिला लाज वाटावी, यावर बाजार सोडून सगळ्यांचं एकमत आहे. म्हणूनच ती बाजाराकडे जाते.

तेव्हा ‘परिचय लिहूच नका’ असं मी म्हणणार नाही. लिहा. ग्राहक मिळवा. पैसे घ्या. फक्त काय विकतोय याचा हिशेब चोख असू द्या. माझा वेळ, माझं ज्ञान, माझं ऐकणं हे माझं आहे, त्याची किंमत मी लावीन. दुसऱ्या बाईचं दुःख माझं नाही. सगळ्यांनी मिळून केलेलं काम माझं एकटीचं नाही. या दोन गोष्टी विकायला ठेवायच्या नाहीत.

या हिशेबाने मी पान पुन्हा लिहिलं. वरच्या ओळीत आता आहे : ‘समुपदेशक आणि प्रशिक्षक. नोकरी, घर, पैसा आणि हिंसा यांविषयी स्त्रियांशी मराठीत बोलते.’ तीनशेचा आकडा गेला; त्या जागी केंद्राचं नाव, किती वर्षं काम केलं, आणि कोणाबरोबर केलं ते आहे. दलित वस्ती पुन्हा दलित वस्ती झाली. सासूबाईंची तीन वर्षं नोंदवली; २०२२ पासून लिंक्डइनवर कामातला खंड कारणासह लिहायची सोय आहे, ती वापरली. फी छापली, आणि ज्यांना परवडत नाही त्यांनी काय करायचं तेही. कोणत्याही बाईची गोष्ट नाही. शिफारशी घेतल्या त्या सहकाऱ्यांच्या, वकील मैत्रिणीच्या, जिथे प्रशिक्षण घेतलं त्या शाळेतल्या शिक्षिकांच्या. मदत मागायला आलेल्या एकाही बाईला शिफारस मागितली नाही, कारण उपकाराखाली असलेल्या बाईला ‘नाही’ म्हणता येत नाही. आणि मी काय करत नाही तेही लिहिलं : मी मानसोपचार करत नाही, खात्री देत नाही, आणि बोलताना मारहाण किंवा छळ निघाला तर बैठक थांबवून संरक्षण अधिकारी, वकील, आधार केंद्र यांची माहिती देते. त्याचे पैसे घेत नाही.

पान बघणारे कमी झाले. प्रशिक्षक बाईंचा निरोप आला की सगळी मेहनत पाण्यात घातलीत. आठ महिन्यांत सात जणी आल्या. बँकेतली मैत्रीण त्यांत आहे. कार्ड आता तिच्याकडे आहे, मुलाखत पुढच्या महिन्यात. सात जणींच्या फीत घर चालत नाही, म्हणून आठवड्यातून तीन दिवस एका शाळेत कारकुनी करते. हे झाकून यशाची कहाणी म्हणून संपवता आलं असतं, पण तसा परिचय मी एकदा लिहून पाहिला आहे.

एक प्रस्ताव मात्र मांडते. आपल्यातल्या निदान पाच-सहा जणी तरी सध्या असं पान लिहीत असतील, चोरून, अपराधी वाटून, भाचीला हाताशी धरून. पुढच्या बैठकीला ते छापून आणा. आपण पूर्वी पत्रकं लिहायचो तशा गोल बसू, एकमेकींचं वाचू, खोडू. ‘तू हे एकटीने केलंस का गं?’ असं विचारणारी कोणीतरी समोर हवी. आणि ‘अगं, हे तू खरंच केलंस, लिही की!’ असं म्हणणारीही. सोबत फीचा आकडाही आणा, म्हणजे एकमेकींपेक्षा स्वस्त होण्याची पाळी कोणावर येणार नाही. चटया मी आणते.